नोंद घेतली आहे

सकाळी नऊला मी काचेच्या पेटीत शिरते.
पाण्याचा ग्लास, दोन पेन्सिली, घशासाठी खडीसाखर.
खाली अर्धवर्तुळात देश बसलेले,
आपापल्या पाटीमागे, वर्णानुक्रमे.
आज एका बेटाची पाळी. साडेचार वर्षांनी आली आहे.
बेटाचं नाव सांगत नाही;
ऐकलेलं पोटात ठेवायची सवय लागते या धंद्यात.

प्रत्येक देशाला एक मिनिट पाच सेकंद.
तेवढ्यात आधी अभिनंदन करायचं,
नव्या दवाखान्यांचं, शाळेतल्या मुलींच्या टक्क्यांचं,
मग घसा खाकरून म्हणायचं
की ते जुनं कलम आता काढून टाकावं,
दोन मोठ्या माणसांच्या बंद दाराआड
कायद्याचं काय काम.
एका थंड देशाची बाई घाईघाईने वाचत होती,
"लिंगओळख" म्हणेपर्यंत माईकचा दिवा विझला.
तिचे ओठ हलत राहिले.
मी वाक्य पुरं केलं नाही.
न ऐकलेलं बोलायची आम्हाला मुभा नाही.

आणि "ते म्हणतात" असंही म्हणता येत नाही.
जो बोलेल, तो मी.
मंत्रिमहोदय बोलले,
करडा सूट, मऊ आवाज, झोपत्या नातवाला गोष्ट सांगावी तसा,
आणि माझ्या तोंडून फ्रेंचमध्ये सभागृहात उतरलं:
आमच्या संस्कृतीत अशी माणसं नाहीत.
आमच्या समाजाची तयारी नाही.
माझ्या सरकारने या शिफारशींची नोंद घेतली आहे.

नोंद घेतली आहे.
रात्री सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात,
तसं या इमारतीत "नाही"ला म्हणतात हे.
नोंद होते. दखल राहून जाते.

सेवरीनने डब्यात नाशपाती कापून दिली होती,
अकरा वर्षं देते आहे, लिंबू पिळून, काळी पडू नये म्हणून.
तो डबा मांडीवर ठेवून
मी शांतपणे, एकही क्रियापद न चुकवता,
जगाला सांगत होते
की ती नाही. की मीही नाही.

मागच्या रांगेत,
जिथे बसता येतं पण बोलता येत नाही,
एक उंच बाई होती. पिवळा झगा.
गळ्यातल्या ओळखपत्रावर पासपोर्टाप्रमाणे छापलेलं: डेलरॉय.
त्यावर चिकटपट्टी, आणि निळ्या शाईत: ओडेसा.

मधल्या सुट्टीत ती कॉफीच्या रांगेत माझ्या पुढे.
मी कुणाला तरी "माफ करा" म्हटलं, आणि ती गर्रकन वळली.
"फ्रेंचवाली तूच ना? आवाज ओळखला."
तुम्हाला फ्रेंच येतं?
"एक अक्षर नाही. म्हणून तर तुझं बटण दाबलं.
आई ज्या बोलीत मला जेवायला हाक मारायची
तीत त्याचं ऐकवेना."
मग कपात बघत, "काय म्हणाला शेवटी?"

पेटीबाहेर मी कुणाचीच दुभाषी नसते.
तरी सांगितलं: नोंद घेतली म्हणाला.

ती हसली. मोठ्याने; दोन राजदूतांनी मागे वळून पाहिलं.
"माझ्या मावशीचं रमचं दुकान होतं बंदरावर.
उधारीची वही गल्ल्याखाली.
एकदा का तिने नोंद घेतली,
की माणूस मेला तरी त्याच्या पोराकडून वसूल करायची.
किती होत्या आज?"
एकोणतीस, मी म्हटलं.
"गेल्या वेळी अकरा होत्या."
तिने तो आकडा तळहातावर लिहून घेतला.

मी डबा पुढे केला. तिने दोन फोडी घेतल्या.
खिडकीबाहेर हिरवळीवर एक मोर
कुणाचंही न ऐकता ओरडत होता.
ओळखपत्रावरच्या पट्टीचं एक टोक सुटलं होतं,
तिने ते अंगठ्याने दाबलं, पुन्हा दाबलं,
आणि आत गेली.
दुपारी दुसऱ्या देशाची पाळी होती.
माझं बटण अजून चालू होतं.